फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती अर्धवट दिली तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप नाहीतर स्वस्तातला टॅब्लेट घेतला, लिनक्स टाकलं, बाकी सगळं मस्त पण टच चालत नाही, किंवा आवाज नाही, किंवा स्क्रीन उलटी फिरते. असे मेसेज मला वर्षभर येतात, कॉलेजं सुरू झाली की जास्तच येतात, आणि बहुतेकांचं मूळ एकच निघतं, फर्मवेअरने दिलेलं हार्डवेअरचं अर्धवट वर्णन, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत, मशीनवर टाइप करताना अर्थातच इंग्रजीत टाकायची.

१. फर्मवेअर हार्डवेअरचं वर्णन देतं म्हणजे नक्की काय देतं?

मशीन चालू केलं की आधी बोर्डवरचं फर्मवेअर चालतं, ज्याला आपण सवयीने बायॉस म्हणतो पण आजकालच्या मशीनमध्ये ते यूईएफआय असतं. ते मेमरीत काही टेबलं मांडून ठेवतं आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात मशीन सोपवतं. या टेबलांचं स्टँडर्ड म्हणजे एसीपीआय, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने मिळून १९९६ मध्ये आणलेलं, २०१३ पासून ते यूईएफआय फोरमकडे आहे. त्यातलं मुख्य टेबल डीएसडीटी, आणि त्याला पुरवणी म्हणून एसएसडीटी. कुठली चिप कुठल्या बसवर (चिपा जोडणाऱ्या तारांवर) कुठल्या पत्त्यावर बसलीय, तिचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची लाइन) कुठला, बॅटरी किती भरलीय हे कसं विचारायचं, सगळं त्यात असतं. आणि ही नुसती यादी नाही हं, त्यात एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये छोटे छोटे प्रोग्रॅम असतात आणि ते तुमचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालवतं. म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याने लिहिलेला कोड कर्नलच्या आत चालतो, त्यामुळे त्यातली चूक लिनक्सची चूक म्हणून आपल्यासमोर येते.

२. पेनड्राइव्ह लावला की लगेच ओळखला जातो, मग बाकीच्या चिपांना वर्णन कशाला लागतं?

कारण यूएसबी आणि पीसीआयवरची उपकरणं स्वतःची ओळख स्वतः सांगतात, कंपनीचा नंबर, मॉडेलचा नंबर, सगळं. आयटूसी, एसपीआय, जीपीआयओ या तारांवर ही सोय नाही. तिथे चिप नुसती बसून असते, कोणी नेमक्या पत्त्यावर हाक मारली तरच बोलते. तो पत्ता कर्नलला फर्मवेअरकडूनच कळणार. टचस्क्रीन, अ‍ॅक्सेलरोमीटर, स्पीकरचा अ‍ॅम्प, कॅमेऱ्याचा सेन्सर, लोकांच्या तक्रारी सगळ्या याच मंडळींबद्दल असतात तो योगायोग नाही.

३. विंडोजवर सगळं चालतं, मग चूक लिनक्सची नाही का?

बहुतेक वेळा नाही. बनवणारा मशीन विंडोजवर टेस्ट करतो आणि जी माहिती टेबलात असायला हवी ती विंडोजच्या ड्रायव्हर पॅकेजमध्ये त्या मॉडेलपुरती टाकून मोकळा होतो. विंडोज चालतं, माल बाजारात जातो, टेबलात भोक राहिलंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. लिनक्सकडे ते पॅकेज नसतं, त्याला फक्त टेबल दिसतं. पण दर वेळी फर्मवेअरलाच शिव्या द्यायच्या असंही नाही, उलटी केस प्रश्न ९ मध्ये आहे.

४. बूट होताना ‘एसीपीआय बायॉस एरर’ अशा लाल ओळी येतात, दुकानदाराने खराब मशीन दिलं का?

ओळीत पुढे ‘कुड नॉट रिझॉल्व्ह सिम्बॉल’ आणि शेवटी ‘एई नॉट फाउंड’ असेल तर अर्थ एवढाच की टेबलातल्या कोडने अशा वस्तूचं नाव घेतलं जी टेबलात कुठेच नाही. पुष्कळदा कारण असं असतं की एकच फर्मवेअर कंपनी पाच मॉडेलला वापरते आणि तुमच्या मॉडेलमध्ये तो पोर्ट नसतोच. सगळं चालत असेल तर सोडून द्या. एखादी गोष्ट चालत नसेल तर मात्र त्या ओळीतलं नाव लिहून ठेवा, प्रश्न ६ ला उपयोगी पडेल. यावरून मशीन परत करायला जाऊ नका.

५. सगळ्यात आधी काय करून बघू?

बायॉस अपडेट. काही वेळा कंपनीनेच टेबल दुरुस्त केलेलं असतं. लिनक्समधूनच करायचं तर एफडब्ल्यूयूपीडी हे टूल आहे, तुमचं मॉडेल त्यात असेल तर एका कमांडवर काम होतं, नसेल तर कंपनीच्या साइटवरून फाइल घेऊन पेनड्राइव्हवरून करा. फक्त सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी बऱ्याचदा मेलेली असते, आणि भर पावसात लाइट गेली आणि अपडेट अर्ध्यावर राहिलं तर बोर्ड उठणार नाही, त्यामुळे बॅटरी धड नसेल तर यूपीएसवर लावूनच करा, शेजाऱ्याचा मागून आणा पण तसंच करू नका. दुसरं म्हणजे नवं कर्नल. ताज्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून बूट करून बघा, तुमच्या मॉडेलची दुरुस्ती त्यात आधीच आलेली असू शकते. या दोन गोष्टींनी भागलं तर खालचं काहीच वाचायची गरज नाही.

६. टेबलात काय लिहिलंय ते स्वतः कसं बघायचं?

एसीपीआय-डम्प ही कमांड रूट म्हणून चालवून आउटपुट फाइलमध्ये घ्या, एसीपीआय-एक्स्ट्रॅक्टने त्यातून वेगवेगळी टेबलं काढा आणि आयएएसएल या कंपायलरला मायनस डी देऊन डीएसडीटी उलगडा. हजारो ओळींची वाचता येईल अशी फाइल मिळते. घाबरू नका, सगळी वाचायची नाही. प्रश्न ४ मधलं नाव शोधा, किंवा चिपचा आयडी शोधा. आयडी सापडला की खाली अंडरस्कोर-सीआरएस बघा, त्यात पत्ता आणि इंटरप्ट असतो. अंडरस्कोर-एसटीए हे फंक्शन ‘मी आहे की नाही’ ते सांगतं, त्याने शून्य परत केलं तर चिप प्रत्यक्ष बोर्डवर असूनही कर्नल तिला हात लावत नाही. आणि अंडरस्कोर-डीएसडीमध्ये बाकीचे तपशील, उदाहरणार्थ जीपीआयओ कुठले. अर्धवटपणा सहसा या तीन जागांपैकी एका जागी असतो. उबुंटूवाल्यांचं एफडब्ल्यूटीएस नावाचं टेस्टिंग टूल पण चालवा, ते टेबलातल्या चुका स्वतःच शोधून सांगतं.

७. टचस्क्रीन अजिबात चालत नाही, किंवा बोट डावीकडे लावलं की उजवीकडे लागतं.

इंटेल अ‍ॅटमवाल्या स्वस्त टॅब्लेटमधली ही सगळ्यात कॉमन केस, त्यात सिलीड कंपनीची चिप असते. टेबलात फक्त ‘इथे एमएसएसएल१६८० आहे’ एवढंच लिहिलेलं असतं. स्क्रीनची रुंदी-उंची किती युनिट, कुठला अक्ष उलटा, एक्स-वाय अदलाबदल आहे का, यातलं काही नाही. वर या चिपला दर बूटला तिचं स्वतःचं फर्मवेअर बाहेरून भरावं लागतं आणि ते प्रत्येक मॉडेलला वेगळं, त्यामुळे शेजारच्याच्या टॅब्लेटची फाइल टाकली तर टच चालतो पण भलतीकडे. कर्नलमध्ये टचस्क्रीन-डीएमआय नावाची एक फाइल आहे, तिच्यात मॉडेलनिहाय ही सगळी माहिती लोकांनी एकेक करून भरलीय, तुमचं मॉडेल तिथे आहे का ते आधी बघा. काही टॅब्लेटमध्ये ही चिपची फाइल यूईएफआयच्याच पोटात दडलेली असते आणि कर्नल ती मेमरीतून शोधून काढू शकतं, पण तेही मॉडेल त्या यादीत असेल तरच. मॉडेल यादीत नसेल तर नव्या कर्नलमध्ये आयटूसी-टचस्क्रीन-प्रॉप्स हा बूट पॅरामीटर आहे, त्याने रुंदी-उंची आणि उलटे अक्ष देऊन कर्नल न बांधता ट्राय करता येतं. बरोबर आकडे सापडले की प्रश्न १७ प्रमाणे पाठवा.

८. टॅब्लेट उभा धरला की स्क्रीन उलटी होते. टच बरोबर आहे.

हा अ‍ॅक्सेलरोमीटरचा लोचा आहे. मशीन कसं धरलंय ते सांगणारा हा सेन्सर बोर्डवर कुठल्या बाजूने चिकटवलाय ते फर्मवेअरने सांगितलेलं नाही, मग डेस्कटॉप समजतो सरळच आहे. यासाठी कर्नलला हात लावायची गरज नाही, उपकरणं सांभाळणाऱ्या यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे हार्डवेअरच्या डेटाबेसमध्ये, एक नोंद टाकायची. ईटीसीमधल्या यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी-डॉट-डी फोल्डरमध्ये ‘६१-सेन्सर-लोकल-डॉट-एचडब्ल्यूडीबी’ नावाची फाइल बनवा. पहिल्या ओळीत सेन्सरचा आयडी आणि मॉडेलचं नाव, दुसऱ्या ओळीत सुरुवातीला एक स्पेस सोडून अ‍ॅक्सेल-माउंट-मॅट्रिक्स. पूर्ण उलटं, म्हणजे डोकं खाली, असेल तर मॅट्रिक्स ‘-१, ०, ०; ०, -१, ०; ०, ०, १’ असं येतं. पाव फेरी चुकत असेल तर ‘०, १, ०; -१, ०, ०; ०, ०, १’ लावून बघा, नाहीच जमलं तर त्यातल्या एक आणि उणे एकची जागा बदला. मग सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, यूडेव्ह ट्रिगर, सेन्सर-प्रॉक्सी सर्व्हिस रीस्टार्ट, आणि मॉनिटर-सेन्सर चालू ठेवून टॅब्लेट चारही बाजूंनी फिरवून बघा, चारही वेळा ‘नॉर्मल’, ‘लेफ्ट-अप’ वगैरे बरोबर येतंय का. लोक फक्त एका बाजूला बघतात आणि झालं म्हणतात, मग आडवं धरल्यावर परत मेसेज येतो. ती सुरुवातीची स्पेस विसरली तर नोंद लागतच नाही, हे पण ध्यानात ठेवा.

मात्र बूटच्या वेळची अक्षरंच आडवी येत असतील तर तो सेन्सर नाही, पॅनेलच पोर्ट्रेट बसवलंय. तिथे व्हिडिओ पॅरामीटरमध्ये पॅनेल-ओरिएंटेशन द्यायचं.

९. ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) कीबोर्ड चालतो आणि लिनक्स सुरू झालं की बंद पडतो. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड चालतो.

मशीन एएमडी रायझनचं, साधारण ६००० सीरिज किंवा त्यानंतरचं आहे का? मग जवळपास नक्की हेच. कीबोर्डचा इंटरप्ट नंबर १. जुन्या पीसीत तो कसा वागतो ते ठरलेलं होतं, आणि बऱ्याच जुन्या फर्मवेअरमध्ये टेबलात ते चुकीचं लिहिलेलं असायचं, म्हणून कर्नल टेबलाकडे दुर्लक्ष करून जुन्या ठरलेल्या पद्धतीनेच सेट करायचं. ही युक्ती वर्षानुवर्षं चालली. मग असे लॅपटॉप आले ज्यांच्यात टेबलातली माहिती खरी होती, आणि जुन्या चुकीसाठी केलेल्या दुरुस्तीनेच नवी बरोबर मशीनं बंद पाडली. आता एएमडी झेनवर कर्नल टेबलावर विश्वास ठेवतं, पण त्यातही अशी मॉडेल निघाली ज्यांचं टेबल खरंच चुकीचं आहे, म्हणून दोन्ही बाजूच्या याद्या ठेवाव्या लागतात.

मला ही केस सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुरुस्ती जितकी मोठ्या जाळ्याने केली तितकं पुढे कोणाचं तरी बरोबर चालणारं मशीन अडकतं, त्यामुळे ज्या मॉडेलची चूक त्याच मॉडेलपुरती दुरुस्ती करायची. तुमच्यासाठी उपाय म्हणजे नवं कर्नल, आणि तरी नाही चाललं तर मॉडेलचं नाव त्या यादीत घालायला पाठवा. तोवर यूएसबी कीबोर्ड.

१०. हेडफोनमधून आवाज येतो, स्पीकरमधून नाही.

आधी साधं म्यूट वगैरे बघून घ्या. मग डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) ‘सीएस३५एल४१’ शोधा आणि त्याच्या जवळ ‘फेल्ड प्रॉपर्टी’ असं काही आहे का बघा. ही सायरस लॉजिकची अ‍ॅम्प चिप आहे, तिला सुरू करायला आधी कळावं लागतं की बूस्ट सर्किटमधला इंडक्टर किती, कपॅसिटर किती, करंटची मर्यादा काय, रीसेटचा जीपीआयओ कुठला, डावा स्पीकर कुठला. हे सगळं अंडरस्कोर-डीएसडीमध्ये असायला हवं, बऱ्याच लॅपटॉपमध्ये नसतं. कर्नल अंदाज करत नाही आणि ते योग्यच आहे. आता ड्रायव्हरमध्येच मॉडेलनिहाय एक तक्ता आहे जो ही भोकं भरतो.

कृपा करून दुसऱ्या मॉडेलचे आकडे उचलून स्वतःच्या मशीनवर ट्राय करू नका. टच चुकला तर बोट चुकीकडे लागेल, इथे चुकलं तर स्पीकर जाऊ शकतो.

११. कॅमेरा लिस्टमध्येच येत नाही.

यूएसबी कॅमेरा असता तर आला असता, प्रश्न २ बघा. इंटेलच्या आयपीयूवाल्या (कॅमेऱ्याचं चित्र तयार करणारा प्रोसेसरमधला भाग) मशीनमध्ये सेन्सर थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि कुठला सेन्सर कुठल्या पोर्टला जोडलाय हे लिनक्सला हवं तशा रूपात टेबलात नसतं. एसएसडीबी नावाच्या एका तुकड्यात थोडी माहिती मिळते, तेवढ्यावरून आयपीयू-ब्रिज हा ड्रायव्हर उरलेलं चित्र स्वतः तयार करतो, म्हणजे सॉफ्टवेअर नोड बनवतो, आणि पुढच्या ड्रायव्हरांना वाटतं की फर्मवेअरनेच सांगितलं. एवढं होऊनही चित्र दिसायला लिबकॅमेरा ही लायब्ररी लागते. सेन्सर त्या ड्रायव्हरच्या यादीत नसेल तर मीटिंगसाठी सरळ यूएसबी वेबकॅम घ्या.

१२. एका व्हिडिओत ‘एसीपीआय इक्वल टू ऑफ’ टाकायला सांगितलंय. टाकू?

इन्स्टॉल पुरतं, मशीन उठतच नसेल तर. कायमचं नको. टेबलंच बंद केली की बॅटरी दिसत नाही, झोप नाही, बटणाने नीट बंद होत नाही आणि बहुतेक मशीनमध्ये प्रोसेसरचा एकच कोर चालतो, कारण बाकीच्या कोरांची यादी पण त्याच टेबलांत असते. मग लोक येऊन सांगतात लिनक्स स्लो आहे.

१३. ‘एसीपीआय-ओएसआय’ पॅरामीटरने नक्की काय होतं?

टेबलातला कोड विचारतो की वर कुठली सिस्टिम आहे, आणि उत्तरावरून वेगळा वागतो. लिनक्स मुद्दामच विंडोजच्या नावांना हो म्हणतं, ‘विंडोज २००९’ म्हणजे विंडोज ७, ‘विंडोज २०१२’ म्हणजे ८, ‘विंडोज २०१५’ म्हणजे १०. ‘लिनक्स आहेस का’ याला मात्र नाही म्हणतं, कारण फर्मवेअरमधला लिनक्ससाठी लिहिलेला रस्ता कोणी टेस्ट केलेलाच नसायचा. या पॅरामीटरने तुम्ही उत्तर बदलू शकता, उद्गारचिन्ह लावून एखादं नाव नाकारता येतं. ब्राइटनेसची बटणं, टचपॅड अशा गोष्टी कधी कधी यावर सुटतात. नावात स्पेस आहे म्हणून ग्रबच्या फाइलीत अवतरणचिन्हांच्या आधी बॅकस्लॅश लागतो, नाहीतर अर्धंच नाव पोचतं. आधी प्रश्न ६ प्रमाणे टेबलात ही नावं कुठे येतात ते बघा आणि मगच लावा, नाहीतर एक सुटतं आणि दुसरं बिघडतं.

१४. झाकण उघडलं तरी मशीन समजतं बंदच आहे, परत झोपतं. आणि झोपेत बॅटरी पण उतरते.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत फर्मवेअर झाकण लागल्याची सूचना देतं पण उघडल्याची देतच नाही. बटण मॉड्यूलच्या ‘लिड-इनिट-स्टेट’ला ‘ओपन’ द्या, मग कर्नल उठताना झाकण उघडं आहे असं धरून चालतं. दुसरीसाठी सिस-पॉवरमधली मेम-स्लीप फाइल वाचा. तिथे ‘डीप’ दिसत असेल तर तो निवडून बघा. फक्त ‘एसटूआयडल’ असेल तर फर्मवेअरने जुनी एस३ झोप दिलेलीच नाही, नव्या लॅपटॉपमध्ये हे सर्रास आहे. टेबलात एस३ हाताने घालणारे लोक आहेत, पण खालचं फर्मवेअर तयार नसेल तर मशीन झोपेतून उठणारच नाही, मी कोणाला सुचवत नाही.

१५. मग डीएसडीटी दुरुस्त करून आपलंच टाकता येतं का?

येतं. प्रश्न ६ प्रमाणे उलगडलेली फाइल बदला, सुरुवातीच्या डेफिनिशन-ब्लॉकच्या ओळीतला ओईएम रिव्हिजन नंबर वाढवा, वाढवला नाही तर कर्नल तुमचं टेबल घेणार नाही. परत आयएएसएलने कंपाइल करा. इथे काही न बदलताही एरर येऊ शकतात, कारण मूळ टेबल मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बनवलेलं असू शकतं आणि तो ढिला आहे. मग कर्नल, त्यात फर्मवेअर, त्यात एसीपीआय, अशा फोल्डरमध्ये ठेवून सीपीआयओ (फाइलींचा गठ्ठा) बनवा, कॉम्प्रेस न करता, आणि मूळ इनिटआरडीच्या (बूटला कर्नलसोबत लोड होणाऱ्या फाइलीच्या) आधी जोडा. बूट झाल्यावर डीमेसेजमध्ये ‘टेबल अपग्रेड’ ही ओळ दिसली तरच लागलं.

पण दोन अडचणी आहेत. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नलचा लॉकडाउन हे अडवतो. आणि डीएसडीटीत काही पत्ते फर्मवेअर त्या वेळच्या मशीनप्रमाणे भरतं, त्यामुळे तुम्ही रॅम वाढवली किंवा बायॉस अपडेट केलं की तुमची गोठवलेली प्रत चुकीची ठरू शकते, आणि सहा महिन्यांनी विचित्र हँग सुरू झाले की कोणाला आठवत नाही की आपण टेबल बदललं होतं. म्हणून एखादी चिप फक्त राहून गेली असेल तर अख्खं डीएसडीटी बदलू नका, तेवढीच नोंद असलेलं छोटं एसएसडीटी वरून लावा, रस्ता तोच, नुकसान कमी. आणि दुसऱ्याच्या मशीनचं डीएसडीटी कधीच नाही, मॉडेल तेच असलं तरी.

१६. मी रास्पबेरी पाय वापरतो, तिथे एसीपीआय दिसत नाही. आणि अँड्रॉइडवाल्या इंटेल टॅब्लेटचं काय?

पायवर वर्णन डिव्हाइस ट्री या रूपात असतं, कल्पना ओपन फर्मवेअरमधून आलेली, ज्याचं आयईईई १२७५ हे स्टँडर्ड १९९४ चं. तिथे कोड नाही, नुसती माहिती, त्यामुळे दुरुस्ती सोपी. समजा लॅमिंग्टन रोडवरून डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल आणून पिनांवर लावलं. आयटूसी-डिटेक्ट चालवलं की तक्त्यात ६८ दिसतं, म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी उत्तर देतंय, पण कोण ते कर्नलला माहीत नाही. कॉन्फिग-डॉट-टीएक्सटीमध्ये डीटी-ओव्हरले म्हणून आयटूसी-आरटीसी, स्वल्पविराम, डीएस३२३१ लिहा, रीबूट करा, आता त्याच जागी ६८ ऐवजी ‘यूयू’ दिसेल, म्हणजे ड्रायव्हरने चिप ताब्यात घेतली.

अँड्रॉइडसह आलेल्या इंटेल टॅब्लेटची अवस्था मात्र सगळ्यात वाईट. त्यांच्या अँड्रॉइड कर्नलमध्ये हार्डवेअर थेट लिहून टाकलेलं होतं, त्यामुळे डीएसडीटीत नसलेली उपकरणं आहेत आणि असलेली नाहीत. त्यांच्यासाठी कर्नलमध्ये एक्स८६-अँड्रॉइड-टॅब्लेट्स हे वेगळं मॉड्यूल आहे. विकत घ्यायच्या आधी मॉडेल त्यात आहे का बघा, नसेल तर घेऊ नका.

१७. माझा फिक्स सापडला. कुठे आणि कसा पाठवू? बोर्डचं नावच ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ येतंय.

नक्की पाठवा. वर ज्या ज्या याद्यांचा उल्लेख आला त्या सगळ्या अशाच, ज्याच्याकडे ते मशीन आहे त्याने पाठवलेल्या माहितीवर वाढल्यात, आणि कर्नलवाल्यांकडे तुमचा टॅब्लेट नाहीये. प्रश्न ८ ची मॅट्रिक्स सिस्टिमडीच्या रेपॉझिटरीत जाते. बाकीचं कर्नलकडे, तिथे गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते कोणाला मेल करायचा, मेल साध्या टेक्स्टमध्येच, फॉरमॅटिंगवाला परत येतो. पॅच लिहिता येत नसेल तर कर्नल बगझिलामध्ये (चुका नोंदवायच्या साइटवर) पूर्ण डीमेसेज, एसीपीआय-डम्प आणि डीएमआय-डीकोड जोडा. डीएमआय-डीकोडमधला सीरियल नंबर आणि यूयूआयडी आधी पुसा.

नावाचा प्रश्न खरा आहे. कर्नल मॉडेल ओळखतं ते डीएमआयच्या, म्हणजे फर्मवेअरने दिलेल्या कंपनी-मॉडेल-बोर्डच्या, नावांवरून, आणि स्वस्त बोर्डात तिथे ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ किंवा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ तसंच राहिलेलं असतं. नुसत्या त्यावर नोंद केली तर कुठल्या कुठल्या मशीनला लागेल सांगता येत नाही, प्रश्न ९ सारखाच प्रकार होईल. म्हणून बायॉसचं व्हर्जन आणि तारीख पण सोबत जुळवायची, सिस-क्लास-डीएमआय-आयडी फोल्डरमध्ये दोन्ही मिळतात. तुमचा बदल तुमच्या डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये यायला काही महिने जातात, तोवर स्वतःची लोकल फाइल ठेवा, आणि तो आला की ती काढून टाकून एकदा बूट करून बघा.